बचतीलाही भांडवल लागते

आमच्या आईच्या घरखर्चाच्या वहीत 'दिवाबत्ती' नावाचे एक खाते असे. किराणा, दूध, दळण, धोबी आणि दिवाबत्ती. या शेवटच्या खात्यात घासलेट, वाती, कंदिलाच्या काचा आणि काडेपेट्या मांडलेल्या असत. पुढे मी संसाराला लागल्यावर माझ्या वहीत त्याच जागी 'लाईट बिल' आले. आता सुनेच्या मोबाईलवर बिल येते, मोबाईलवरूनच भरले जाते आणि वही कुठेच नसते. असो. काळ बदलतो. पण दिवाबत्ती ते लाईट बिल हा प्रवास मला नेहमीच गमतीचा वाटत आला आहे, कारण आपल्या घरांचा बराच इतिहास त्यात लपलेला आहे.

आपण विजेला 'लाईट' म्हणतो हे तुमच्या लक्षात आले आहे का? लाईट गेली, लाईट आली, लाईटचा खांब, लाईट बिल. गिरणी विजेवर चालते, पंप विजेवर चालतो, फ्रीज विजेवर चालतो, पण वीज गेली की आपण म्हणतो, "लाईट गेली." वीज आपल्या घरात प्रथम आली ती दिव्याच्या रूपाने, आणि बराच काळ ती तेवढ्यापुरतीच होती. म्हणून घरातली वीज वाचवायची म्हणजे दिवे वाचवायचे, हे आपल्या पिढीच्या हाडीमाशी भिनलेले आहे. "खोलीत कोणी नाही ना? मग दिवा कशाला?" हे वाक्य ज्याने लहानपणी ऐकले नाही असा मराठी माणूस विरळा!

या लेखात मला त्या दिव्याचा, आणि त्यातून होणाऱ्या पैशाच्या बचतीचा थोडा इतिहास सांगायचा आहे. मी आयुष्यभर शाळेत इतिहास आणि मराठी शिकवले, त्यामुळे विज्ञानातले बारकावे माझ्याकडून अपेक्षू नका. पण हिशेब मात्र मला बरा येतो, आणि ही गोष्ट खरे तर हिशेबाचीच आहे.

माझे बालपण कराडजवळच्या एका खेड्यात गेले. त्या भागात कंदील म्हटला की तो 'प्रभाकर' कंदीलच. कराडजवळच्या ओगलेवाडीला ओगले बंधूंनी १९१६ साली काचेचा कारखाना काढला आणि पुढे तिथेच हा प्रसिद्ध कंदील तयार होऊ लागला. स्वदेशीच्या काळात परदेशी कंदिलाशी टक्कर देणारी ही वस्तू आमच्या पंचक्रोशीत बनते, याचा मोठ्यांना केवढा अभिमान! कंदिलाची काच रोज संध्याकाळी राखेने पुसायची, वात कातरायची, घासलेट भरायचे आणि मग त्याच्याभोवती चार भावंडांनी अभ्यासाला बसायचे. स्वयंपाकघरात चिमणी. तिचा उजेड जेमतेम, पण धूर मात्र भरपूर.

१९६२ साली कोयनेच्या पहिल्या टप्प्याची वीजनिर्मिती सुरू झाली. धरण आमच्याच जिल्ह्यात, आणि पोफळीच्या भूमिगत वीजगृहातली वीज मात्र डोंगरावरून तारांनी मुंबईकडे गेलेली! आमच्या गावात ती यायला आणखी काही वर्षे लागली. आली तेव्हा घरात दोन बल्ब लागले, एक सोप्यात आणि एक स्वयंपाकघरात. चाळीस वॅटचे ते दोन पिवळे बल्ब, पण आम्हांला दिवस उगवल्यासारखे वाटले. आईच्या वहीत घासलेटाचा खर्च उतरला. वडिलांना मात्र वीज घ्यायची की नाही याचा निर्णय करायला बरेच दिवस लागले होते. महिन्याचा खर्च कमी होणार हे त्यांना पटलेले होते. अडचण होती ती अनामत रक्कम, वायरिंग, बोर्ड आणि बटणे यांच्या खर्चाची. पुढे वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण तीच गोष्ट पुन्हा पुन्हा येणार आहे.

आता थोडे त्या बल्बविषयी. एडिसनने १८७९ साली टिकणारा बल्ब करून दाखवला, त्याच सुमारास इंग्लंडमध्ये स्वान यानेही. त्यांच्या बल्बमध्ये कार्बनची तार होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिची जागा टंगस्टनने घेतली आणि त्यानंतर शंभर वर्षे बल्ब मूळ स्वरूपात तसाच राहिला. तार तापवायची, ती पांढरीशुभ्र होईपर्यंत तापवायची आणि तिचा उजेड घ्यायचा. यात विजेचा फार थोडा भाग उजेडात जातो, नव्वद टक्क्यांहून अधिक भाग उष्णतेत जातो. म्हणजे आपण ज्याला दिवा म्हणत होतो, तो खरे तर उजेड देणारा एक छोटा हीटर होता. कोंबडीची पिल्ले उबवायला लोक बल्ब वापरत ते काही उगाच नाही!

या बल्बच्या इतिहासात एक विलक्षण प्रकरण आहे. १९२४ साली युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या बल्ब कंपन्यांनी जिनिव्हात एक संघ स्थापन केला. त्याचे नाव 'फीबस', म्हणजे ग्रीकांचा सूर्यदेव. त्यांनी ठरवले की घरगुती बल्ब एक हजार तासच चालला पाहिजे. तोपर्यंत दीड-दोन हजार तास चालणारे बल्ब बाजारात होते. ज्या कारखान्याचे बल्ब जास्त दिवस टिकत, त्याला दंड होई! कंपन्यांचे म्हणणे असे की जास्त टिकणारा बल्ब मंद जळतो आणि वीज जास्त खातो, आणि ते तांत्रिकदृष्ट्या अगदी खोटे नव्हते. पण दंड लावून आयुष्य कमी करण्यात नवे बल्ब खपवण्याचाच हेतू मोठा होता, हे सांगायला इतिहासकार कशाला हवा? दुसऱ्या महायुद्धात हा संघ मोडला, पण हजार तासांचा नियम जगभर तसाच राहिला. आपल्या घरातला बल्बही साधारण तेवढाच चाले. रोज पाच तास लावला तर सहा-सात महिने.

बल्ब स्वस्त, पण तो खातो ती वीज महाग. म्हणजे दुकानात आपण जे पैसे देतो ते थोडे, आणि पुढे महिन्या-महिन्याला जे देत राहतो ते किती तरी जास्त. पण दुकानातला पैसा एकदम जातो म्हणून डोळ्यांत भरतो, आणि बिलातला थेंबाथेंबाने जातो म्हणून दिसत नाही.

ट्यूबलाईट जगात १९३८ पासून विकायला आली. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत ती रुळली साधारण सत्तरीच्या दशकात. चाळीस वॅटच्या नळीत बल्बच्या कितीतरी पट उजेड. पण तिला पट्टी हवी, चोक हवा, स्टार्टर हवा. त्यामुळे सगळ्यांच्या घरी एकच पद्धत होती. पाहुण्यांची खोली असेल तिथे ट्यूब, आणि स्वयंपाकघर, न्हाणीघर, जिना या सगळीकडे बल्ब. ज्या स्वयंपाकघरात घरातली बाई पहाटेपासून रात्रीपर्यंत राबते तिथे पिवळा बल्ब, आणि जिथे पाहुणा तासभर बसतो तिथे पांढरी ट्यूब! हिशेबाने पाहिले तर जो दिवा जास्त वेळ जळतो तिथे वीज वाचवणारा दिवा आधी लावायला हवा. पण घरातले निर्णय नुसत्या हिशेबाने होत नाहीत.

१९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि साऱ्या जगाला ऊर्जा वाचवण्याचे महत्त्व एकदम कळले. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या एडवर्ड हॅमर नावाच्या इंजिनियरने १९७६ साली ट्यूबलाईटची नळी स्क्रूसारखी पिळून बल्बच्या आकारात बसवून दाखवली. कंपनीला तिच्यासाठी नवी यंत्रसामग्री उभारायला लागणार होती. तो खर्च कंपनीने केला नाही आणि दिवा तसाच पडून राहिला. पाहा, इतकी मोठी कंपनीसुद्धा पहिल्या खर्चाला कचरली! पुढे १९८० साली फिलिप्सने बरणीसारखा दिसणारा एक जड दिवा बाजारात आणला. हॅमरचा पिळाचा दिवा मात्र दुकानांत दिसायला नव्वदचे दशक उजाडावे लागले, आणि तेव्हा तो चीनमधल्या कारखान्यांतून आला. यालाच आपण सीएफएल म्हणू लागलो.

आपल्याकडे सीएफएल आला तेव्हा त्याची किंमत तीन-चारशे रुपयांच्या घरात होती. साधा बल्ब दहा-बारा रुपयांचा. त्या वेळी एकदा गणिताचे सर रजेवर असताना मी सातवीच्या वर्गाला एक उदाहरण घातले होते. साठ वॅटचा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला किती युनिट वीज लागेल? उत्तर नऊ. तेवढाच उजेड देणारा अकरा वॅटचा दिवा लावला तर? पावणेदोनपेक्षा थोडी कमी. म्हणजे महिन्याला सुमारे सव्वासात युनिटची बचत. आता गंमत पुढे आहे. ज्याला वीज एक रुपया युनिटने पडते त्याचे महिन्याला सव्वासात रुपये वाचतात. वर्षाला दोन बल्ब फुटायचे वाचतात ते वीस-बावीस रुपये धरले, तरी साडेतीनशेचा दिवा वसूल व्हायला तीन वर्षांच्या वर लागतात. तोपर्यंत त्या दिव्याचेही आयुष्य संपत आलेले! ज्याला वीज चार रुपयांनी पडते, त्याचे पैसे मात्र वर्षभरात परत. वर्गातला एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, पण साडेतीनशे रुपये एकदम आणायचे कुठून?"

त्या मुलाचे वडील हमाली करत. त्याच्या प्रश्नात ऊर्जाबचतीचे सगळे अर्थशास्त्र आलेले होते. कमी वीज वापरणाऱ्या गरिबाला सरकार स्वस्त दराने वीज देते, म्हणून त्याला महाग दिवा परवडत नाही. श्रीमंताला दिवा परवडतो आणि त्याची बचतही जास्त होते. म्हणजे बचत करायलासुद्धा हातात भांडवल लागते. 'उधळपट्टी' हा शब्द आपण गरिबांच्या बल्बला सहज लावतो, पण ती उधळपट्टी नसते, नाइलाज असतो.

याच प्रश्नाचे उत्तर एका मुंबईकर शास्त्रज्ञाने १९९० च्या सुमारास शोधले होते. डॉ. अशोक गाडगीळ मुंबईत जन्मले, तिथेच शिकले, मग आयआयटी कानपूर आणि पुढे अमेरिकेत बर्कलेला गेले. पुढे त्यांनी पिण्याचे पाणी निर्जंतुक करणारे स्वस्त यंत्र आणि दारफूरच्या निर्वासितांसाठी कमी लाकडात पेटणारी चूल अशी कामे केली, आणि २०२३ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते त्यांचा मोठा सन्मानही झाला. दिव्यांच्या बाबतीत त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. वीज कंपनी गरीब ग्राहकाला तोट्यात वीज विकते. म्हणजे त्याने एक युनिट वाचवले की कंपनीचा तोटा तेवढा कमी होतो. शिवाय दिवे लागतात संध्याकाळी, नेमके मागणी सर्वांत जास्त असते तेव्हा. त्या चार तासांसाठी नवे वीज केंद्र बांधण्यापेक्षा दिवे बदलणे कितीतरी स्वस्त. मग कंपनीनेच हे महागडे दिवे विकत घ्यावेत, लोकांना भाड्याने द्यावेत आणि दरमहा बिलातून थोडे थोडे पैसे घ्यावेत. ग्राहकाला एकदम पैसे घालावे लागणार नाहीत, आणि दोघांचाही फायदा.

मुंबईसाठी आखलेल्या या योजनेचे नाव 'बॉम्बे एफिशियंट लायटिंग लार्ज-स्केल एक्सपेरिमेंट' असे लांबलचक होते. योजना कागदावर उत्तम होती. पण ती वाटेतच अडकली आणि मुंबईच्या घरांत ते दिवे पोचले नाहीत. मेक्सिकोत मात्र अशाच विचाराची योजना नव्वदच्या दशकात ग्वादालाहारा आणि माँतेरेई या दोन शहरांत प्रत्यक्षात आली. आपल्या माणसाच्या डोक्यातली कल्पना आपल्या घरात यायला वीस-पंचवीस वर्षे लागावीत, याची मला हळहळ वाटते.

मग आले भारनियमन. २००५ नंतरचे ते दिवस महाराष्ट्रात कोण विसरेल? त्याच वर्षी जूनमध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण, महापारेषण आणि महानिर्मिती अशा कंपन्या झाल्या, आणि त्याच सुमारास विजेचा तुटवडा वाढत गेला. खेड्यांत दिवसाचे दहा-बारा तास वीज नसे. दहावीच्या मुलांनी पुन्हा कंदील पुसायला घेतले होते. अशा वेळी जिथे जिथे दिवा, तिथे तिथे सीएफएल असे वारे सुरू झाले. बंगळूरच्या वीज कंपनीने २००४ च्या अखेरीस ग्राहकांना सीएफएल घेऊन त्याचे पैसे बिलातून हप्त्याने फेडण्याची सोय केली होती. २००५ साली महावितरणनेही नाशिकमध्ये सीएफएलचा असाच एक प्रायोगिक कार्यक्रम घेतला. गावांसाठी 'अक्षय प्रकाश' नावाची योजना निघाली. गावकऱ्यांनी संध्याकाळच्या वेळात पंप आणि जड उपकरणे बंद ठेवायची, घरात सीएफएल वापरायचे आणि त्या बदल्यात गावाला संध्याकाळी वीज मिळायची. संध्याकाळी उजेड हवा असेल तर सगळ्या गावाने मिळून वीज वाचवायची, ही कल्पना मला शिक्षिका म्हणून फार आवडली होती.

२००९ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने 'बचत लॅम्प योजना' आणली. जुना बल्ब द्या आणि पंधरा रुपयांत सीएफएल न्या! उरलेले पैसे कुठून येणार? तर 'कार्बन क्रेडिट'मधून. म्हणजे भारतातल्या घरात बल्ब बदलल्याने जो कोळसा जळायचा वाचला, त्याचे प्रमाणपत्र युरोपातल्या एखाद्या कारखान्याने विकत घ्यायचे. केरळने या योजनेचा चांगला फायदा घेतला, तिथे सव्वा कोटीच्या आसपास दिवे वाटले गेले. पण पुढे दोन-तीन वर्षांत जागतिक बाजारात या प्रमाणपत्रांचे भाव कोसळले आणि योजनेतला जीव गेला. आपल्या स्वयंपाकघरातल्या दिव्याचे भाग्य युरोपातल्या बाजारभावावर टांगलेले असावे, हेही एक नवलच.

सीएफएलने पैसे वाचवले यात शंका नाही, पण त्याचे काही दोष होते. त्यात थोडा पारा असे, त्यामुळे फुटला की काळजी. व्होल्टेज वरखाली होणाऱ्या भागात तो लवकर जाई. आमच्याकडे एका वर्षात तीन दिवे गेले आणि दुकानदाराने प्रत्येक वेळी 'खोक्यावर शिक्का नाही' म्हणून हमी नाकारली. असे दोन-तीनदा झाले की माणूस परत दहा रुपयांच्या बल्बवर जातो. बचतीचा हिशेब दिवा पूर्ण आयुष्य जगेल असे धरून केलेला असतो. तो मध्येच गेला तर नुकसान आपले. पारा असलेल्या वस्तूंविषयी मिनामाता नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यात आता सीएफएलचे उत्पादन २०२५ च्या अखेरीपर्यंत थांबवायचे ठरले. म्हणजे ज्या दिव्याची आपण वीस वर्षे वाट पाहिली, तो पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत इतिहासजमाही झाला!

त्याची जागा घेतली एलईडीने. लाल एलईडी १९६२ पासून माहीत होता, पुढे हिरवाही आला. आपल्या टेपरेकॉर्डरवर आणि स्टॅबिलायझरवर तो लुकलुकत असे. पण पांढरा उजेड हवा तर निळा रंग लागतो आणि तेजस्वी निळा एलईडी काही केल्या जमत नव्हता. जपानमध्ये आकासाकी, त्यांचे विद्यार्थी अमानो आणि स्वतंत्रपणे काम करणारे नाकामुरा यांनी तो जमवला. नाकामुरा मोठ्या विद्यापीठातले नव्हते, तोकुशिमा प्रांतातल्या निचिया या त्या वेळच्या छोट्या कंपनीत नोकरी करत होते. त्यांचा तेजस्वी निळा दिवा १९९३ साली जाहीर झाला. या तिघांना २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले.

योगायोग असा की, त्याच सुमारास आपल्याकडे एलईडी घराघरांत नेण्याची तयारी चालू होती. ५ जानेवारी २०१५ रोजी पंतप्रधानांनी जी योजना सुरू केली, ती पुढे 'उजाला' या नावाने ओळखली गेली. ती चालवणारी ईईएसएल ही सरकारी कंपनी. तिने काय केले, तर कोट्यवधी दिव्यांची मागणी एकत्र केली आणि एकदम निविदा काढल्या. २०१४ च्या सुरुवातीला जो दिवा तिला ३१० रुपयांना पडत होता, तो २०१५ च्या मध्यात ७३ रुपयांना आणि २०१६ च्या सप्टेंबरपर्यंत ३८ रुपयांना पडू लागला! जगभर एलईडी स्वस्त होतच होते, पण इतक्या झपाट्याने उतरण्यात या घाऊक खरेदीचा मोठा वाटा होता. आणि ज्यांच्याकडे रोख नाही त्यांना बिलातून दरमहा दहा रुपयांच्या हप्त्याने दिवा मिळे. म्हणजे गाडगीळांच्या विचारातला गाभा अखेर घरात आला.

आमच्या गावात वीज बिल भरण्याच्या खिडकीजवळ टेबल मांडून हे दिवे विकत. रांगेत माझ्यापुढे एक भाजीवाल्या मावशी होत्या. त्यांनी हिशेब विचारला नाही. "दहा रुपयांत मिळतोय ना? द्या चार," एवढेच म्हणाल्या. पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्या मुलाच्या प्रश्नाला इतके सोपे उत्तर मिळालेले पाहून मला खरेच समाधान वाटले. साठ वॅटचा बल्ब काढून नऊ वॅटचा एलईडी लावला आणि तो रोज पाच तास जळला तर महिन्याला साडेसात युनिटच्या वर वीज वाचते. पाच रुपये दर धरला तरी महिन्याला अडतीस रुपये. सत्तर रुपयांचा दिवा दोन महिन्यांत वसूल, आणि पुढे हमीची तीन वर्षे नुसता फायदाच!

सरकारी आकड्यांनुसार २०२५ च्या सुरुवातीपर्यंत या योजनेत जवळपास ३७ कोटी दिवे वाटले गेले, त्यांत महाराष्ट्रातले दोन कोटींच्या वर. २०२१ च्या मार्चमध्ये खेड्यांसाठी 'ग्राम उजाला' सुरू झाली. जुना बल्ब द्यायचा आणि दहा रुपयांत नवा एलईडी घ्यायचा. पहिल्या टप्प्यात निवडलेल्या जागांत बिहारमधले आरा, वाराणसी, विजयवाडा यांच्याबरोबर आपले नागपूरही होते. आणि बाकीचे पैसे कुठून? पुन्हा कार्बन क्रेडिटमधूनच.

आता तुम्ही म्हणाल, मग आमचे लाईट बिल कमी का झाले नाही? रास्त प्रश्न आहे. माझ्या वह्या सांगतात की दिव्यांची वीज खूपच उतरली, पण त्या जागी गिझर आला, मिक्सर आला, वॉशिंग मशीन आले. शिवाय दिवा स्वस्त झाला म्हणून आपण दिवे वाढवले. जिथे एक ट्यूब होती तिथे आता छतात गोल गोल आठ दिवे आणि कडेने पट्टी. जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच कोळशाबद्दल लिहिले होते की यंत्रे सुधारली की कोळसा वाचत नाही, उलट जास्त लागतो, कारण तो वापरणे स्वस्त पडते. मला हे म्हणणे निम्मे पटते. आठ दिवे लावणाऱ्या घरात ते खरे आहे. पण ज्या घरात पूर्वी एकच मिणमिणता बल्ब होता आणि आता मुलीच्या अभ्यासाच्या कोपऱ्यातही एक दिवा आला, तिथे वाढलेल्या वापराला उधळपट्टी म्हणायला माझी जीभ धजत नाही. तिथे बचतीचे पैसे उजेडाच्याच रूपाने घरात राहिले.

थोडे व्यवहाराचे सांगते. दिवा घेताना नुसते वॅट पाहू नका. वॅट म्हणजे तो किती वीज खातो, आणि उजेड मोजायचा तो ल्युमेनमध्ये. खोक्यावर दोन्ही छापलेले असतात. आणि तुमच्याकडे अजून जुना 'झिरोचा बल्ब' असेल तर तो आधी काढा. नाव झिरो असले तरी तो बारा-पंधरा वॅट खातो! जुन्या चकतीच्या मीटरवर इतकी कमी वीज फारशी नोंदली जात नसे, म्हणून तो 'झिरो'. आता इलेक्ट्रॉनिक मीटर तीही मोजतात. पंधरा वॅटचा दिवा रात्रभर आठ तास जळला तर महिन्याला साडेतीन युनिट होतात. अर्ध्या वॅटचा एलईडी तेच काम करतो. आणि आपल्याकडे जितके जास्त युनिट तितका दर चढा असल्याने, वाचलेले युनिट सगळ्यांत महाग टप्प्यातले असते हेही विसरू नका.

दिव्याची लढाई आपण बरीचशी जिंकली आहे. पण ती कशी जिंकली ते विसरू नये, कारण तोच प्रश्न आता छताला फिरतो आहे. साधा पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट खातो आणि नवा बीएलडीसी पंखा तीस वॅटच्या आसपास. फरक दिव्याइतकाच मोठा, आणि पंखा तर उन्हाळ्यात दिवसरात्र चालतो. पण नवा पंखा जुन्याच्या जवळपास दुप्पट किमतीचा. ईईएसएलने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये एक कोटी कार्यक्षम पंख्यांचा कार्यक्रम जाहीर केला आहे. आपल्यासारख्या पेन्शनवाल्यांनी पंखे बदलले तर बरेच. पण ज्यांच्या पत्र्याच्या खोलीत पंखा सगळ्यांत जास्त फिरतो, त्यांच्यापर्यंत तो हप्त्याने पोचेल का, हा खरा प्रश्न आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचा पंखा जळाला. नवा पंखा मी आणून दिला आणि त्या दरमहा थोडे थोडे पैसे फेडत आहेत, व्याज अर्थातच नाही. वीज कंपनीने जे करायचे ते आपण आपल्यापुरते एका घरासाठी करू शकतो. तुमच्यापैकी कोणी असे काही केले असेल तर जरूर कळवा. आणि भाचेमंडळींनो, पुढच्या वेळी याल तेव्हा तुमच्या छतातल्या आठ दिव्यांचा हिशेब घेऊन या, आपण तो मिळून सोडवू!